हेल्मेटवाला भाचा

हे मी बारा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्या दोघींना सांगायला हवं होतं, त्यांतल्या एकीने ते स्वतःच ओळखलं. दुसरीला हे लिहितोय या घडीपर्यंत माहीत नाही.

आधी नोंद करतो, म्हणजे नंतर मला शब्द फिरवता येणार नाही. वार रविवार, दिवाळीनंतरचा. जागा रंकाळ्याची चौपाटी. वेळ दिवस मावळायच्या थोडी आधीची, कारण आम्ही जैन, आमच्यात दिवस मावळल्यावर खात नाहीत. दोन भेळ, साठ रुपये. हजर दोघे — मी आणि माझा मामेभाऊ सुकुमार. तिसरं कुणी नाही.

मी तिथं काय केलं? एक वाक्य बोललो. पाच शब्दांचं. सांगतो — पण त्याआधी त्या दोघी कोण ते सांगायला हवं. तुम्हाला वाटेल, हा वेळ काढतोय. काढतोय.

एक माझी धाकटी बहीण. तिला इथं पद्मजा म्हणतो. ती अ‍ॅनिमेशनच्या डॉक्युमेंटरी करते. म्हणजे गोष्ट खरी, माणसं खरी, पण पडद्यावर दिसतात ती तिने हाताने काढलेली चित्रं. "म्हणजे कार्टूनच की!" असं आमच्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी तिला ऐकवलंय, आणि तिने दर वेळी न चिडता समजावून सांगितलंय. ती पुण्याला एका कॉलेजात बायकांच्या प्रश्नांचा अभ्यास शिकवते, त्यातच तिची पीएच.डी. आहे.

तिची पहिली फिल्म फौंड्रीत कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, करणाऱ्या बायकांवर होती. मी शिरोलीला एका फौंड्रीचे हिशेब बघतो. तिने माझ्याकडे साच्याची वाळू मागितली. मला वाटलं, नमुन्याला मूठभर हवी असेल. तिला दोन पोती हवी होती. खालून दिवा लावलेल्या काचेवर ती वाळू पसरायची, बोटाने बाईचा हात काढायची, फोटो घ्यायची, हात थोडा पुसून पुन्हा काढायची, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी बारा वेळा. मी तिथंच गुणाकार करून म्हटलं, "पद्मे, हे परवडायचं नाही." ती म्हणाली, "वाळू तर फुकट मिळाली की दादा, तेवढाच नफा."

दुसरी आमची मामी. हातकणंगल्याच्या बाजूला तिचं घर. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून आठवी ते दहावी मी तिच्याकडे होतो. ती भाकरी थापताना मी चुलीपाशी बसून गणितं सोडवायचो आणि ती बोलायची. तिने तोंड उघडलं की मामा उठून ओट्यावर जायचा, तिचे सासरे रेडिओ मोठा करायचे. ऐकणारा मी एकटा. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती आधी नाकातल्या नाकात हसायची आणि म्हणायची, "आता ह्यात काय हाय..." मग जे यायचं त्यात सगळंच असायचं.

मी बी.कॉम. होऊन नुकता नोकरीला लागलो होतो, तेव्हा मामाने फुंकणी मारून तिचं मनगट मोडलं. कशावरून, ते मी लिहिणार नाही. कारण लिहिलं की वाचणारा त्याचं वजन करायला लागतो. मामा दूध सोसायटीचा चेअरमन. पाणी गाळून पिणारा. अंगणातली मुंगी चुकवून पाय टाकणारा. त्या दिवशी मी योगायोगाने तिथं गेलो होतो. मामीला स्कूटरवर मागे बसवून इचलकरंजीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, "काय झालं बाई?" उत्तर मी दिलं — "न्हाणीत घसरली." त्याने पुन्हा विचारलं, माझ्याकडे पाठ करून, फक्त तिला. पुन्हा मीच बोललो.

मनगट वाकडंच जुळून आलं. घरात सगळे 'मामी न्हाणीत पडली तेव्हा' असं म्हणू लागले. मीही म्हणू लागलो.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं असतं का? नसतं. खोटं सांगून सांभाळून घेतलं, घर मोडू दिलं नाही — असं स्वतःला समजावत माझं आयुष्य बरं चाललं होतं. असली खोटी आपल्याकडे पुण्याईच्या खात्यावर जमा होतात.

वीसेक वर्षांनी पद्मजाने जिच्यापायी हे सगळं झालं ती फिल्म केली. पाच बायका, आणि त्यांच्या दुखापतीचं डॉक्टरला सांगितलेलं पाच प्रकारचं कारण. जिन्यावरून पडली, म्हशीनं शिंग मारलं, दार लागलं, कढई सांडली, न्हाणीत घसरली. तिच्या अभ्यासाचा मुद्दाही हाच होता — आणि तो तिच्याआधी इतक्या स्पष्टपणे कुणी मांडला नव्हता असं तिच्या क्षेत्रातले लोक म्हणतात. मुद्दा असा : मारणाऱ्याकडे सगळे बघतात. पण डॉक्टरसमोर खोटं बोलतो तो बहुतेक वेळा दुसराच असतो. सोबत आलेला. चांगला माणूस.

तिला हे कुठून सुचलं असेल? मी हा प्रश्न कधी तिला विचारला नाही. तुम्ही विचारला असता?

तिची पद्धत अशी होती. कॅमेरा न्यायचाच नाही. बाईच्या स्वयंपाकघरात बसून नुसता आवाज घ्यायचा. मग चित्रं काढताना सगळं बदलायचं. मामीचं डावं मनगट मोडलं होतं, पडद्यावर उजवं मोडतं. स्लॅबच्या घराला तिने कौलं चढवली, म्हशींच्या जागी शेळ्या बांधल्या. आवाज तेवढा खरा. तोही लपवायचा असेल तर दुसऱ्या बाईकडून बोलून घ्यायची तयारी तिने दाखवली होती. मामी नको म्हणाली. "घरात वळखतील की मामी," असं पद्मजाने बजावलं, तर मामी हसली. "ह्या घरातल्या बाप्यांनी माझा आवाज ऐकलाय कवा? मी बोलायला लागलं की उठून जात्यात. त्यास्नी म्हशीचा वळखू येईल, माझा न्हाय."

तिचा हिशेब बरोबर होता. एका माणसापुरता चुकला.

फिल्म कोल्हापुरात दाखवली तेव्हा मी पुढच्या रांगेत होतो. सुकुमार मागे कुठंतरी बसला होता, सारखा फोन घ्यायला बाहेर जात होता. चौथी गोष्ट सुरू झाली. अंधारात आधी ते नाकातलं हसू आलं. मग — "आता ह्यात काय हाय..."

मी आवाज ओळखला.

पडद्यावर एक स्कूटर आली. तिच्यावर एक तरुण, डोक्यावर हेल्मेट. तो दवाखान्यात शिरतो तेव्हाही हेल्मेट. डॉक्टरपुढे बसतो तेव्हाही हेल्मेट. मामीचा आवाज म्हणाला, "भाचा व्हता संगं. शिकलेला. मला काय बोलावंच लागलं न्हाय." माझ्या मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "बघा, ह्यानं सोताचं डोकं तेवढं झाकून घेतलंय!" सगळं सभागृह हसलं.

नीट विचार करता मला आज कळतं की माझ्या बहिणीने माझा चेहरा झाकला होता. ज्या गावात तेव्हा कुणी हेल्मेट घालत नव्हतं, तिथं तिने मला दवाखान्यातही ते काढू दिलं नाही. तिला माहीत होतं तो भाचा कोण. तरी तिने मला झाकलं, आणि मानाने पुढच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी मात्र मला फक्त ते हसणं ऐकू येत होतं. मला राग आला. मामाचा नाही. पद्मजाचा आला, मामीचा आला — दवाखान्यात मी नेलं, आणि तुम्ही माझी ही वरात काढता?

फिल्म संपल्यावर लोकांनी प्रश्न विचारले. एकाने विचारलं, ही न्हाणीवाली बाई कुठली? पद्मजा बोलण्याच्या भरात म्हणाली, "हातकणंगल्याकडची." आणि लगेच गप्प झाली. हे लक्षात ठेवा. आणि हेही, की त्या वेळी सुकुमार सभागृहात नव्हता. तो बाहेर, गाडी आडवी लावणाऱ्या कुणाशी तरी भांडत होता. मी स्वतः त्याला तिथून ओढून आणलं.

मग रंकाळा. मग भेळ.

सुकुमार खुशीत होता. "दादा, आपल्या पद्माक्कानं कार्टून झ्याक काढलंय. पर त्यो हेल्मेटवाला! काय बावळट म्हणायचा! असला भाचा असला तर दुश्मन कशाला पायजे?" आणि तो तोंडात भेळ घेऊन हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. मी त्याच्याकडे बघत होतो. या माणसाने आत्ता चार मिनिटं स्वतःच्या जन्मदात्री आईला ऐकलं होतं आणि ओळखलं नव्हतं. आणि हा मला हसत होता.

मी म्हटलं, "तुझ्या आईचा आवाज हाय त्यो."

हेच ते पाच शब्द. चुकून गेले नाहीत. तोंडातून निसटले नाहीत. मी ते निवडले. त्याचं हसणं बंद पाडायचं होतं, आणि ते पडलं. चार मिनिटांची ती गोष्ट — दोन हजार आठशे ऐंशी चित्रं. त्यातल्या प्रत्येक चित्रात माझ्या बहिणीने त्या बाईला लपवलं होतं. मी एका वाक्यात तिला बाहेर काढून तिच्या मुलाच्या हातात दिलं.

सुकुमारने घरी सांगताना काय सांगितलं? "मी वळखलं." आईचा आवाज दुसऱ्याने सांगावा लागला हे कोणता मुलगा कबूल करेल? त्यामुळे माझं नाव कुठंच आलं नाही. मामाने तिला हात लावला नाही. वय झालं होतं, अब्रू होती. तिचा मोबाईल काढून घेतला. दर गुरुवारी ती पद्मजाला फोन करायची, तो बंद झाला. मग बापलेकांनी पुण्याच्या कॉलेजला तक्रार केली — अडाणी बाईला फसवून तिचा आवाज विकला. मामीकडून अंगठा घेतला. जी बाई पेपर वाचायची, तिच्याकडून अंगठा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. भेळेपाशी केलं ते रागात केलं. हे शांतपणे केलं.

तक्रार आल्यावर पद्मजाने मला फोन केला. मी फौंड्रीच्या ऑफिसात होतो, बाहेर साचे फोडायचा आवाज चालला होता. ती रडत होती. म्हणाली, "दादा, मी त्या दिवशी हातकणंगल्याचं नाव घेतलं ना, त्यावरनंच कळलं. पाच बायकांना मी शब्द दिला होता. माझ्याच तोंडानं मोडला. दादा, माझंच चुकलं ना?"

ती विचारत होती. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. कारण सांगायचंही नव्हतं अजून — नुसतं 'नाही'.

मी म्हटलं, "हो. तेवढं चुकलंच तुझं. पुढं जपून बोल."

पुढं जपून बोल! वर उपदेश केला. इचलकरंजीच्या डॉक्टरपुढे जसा आवाज निघाला होता, अगदी तसाच निघाला. थोरला, समजूतदार, काळजीचा. दोन बाया, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा मी शपथेवर सांगावं तसं सांगितलं — चूक तिचीच.

पद्मजाने कॉलेजच्या चौकशीत लिहून दिलं की ओळख तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने फुटली. फिल्म परत घेतली. बाकीच्या चौघींनीही आपले आवाज काढून घ्यायला सांगितलं, आणि तिने एक शब्द न बोलता ते काढले. बढती अडली. हाताशी असलेली पुढची फिल्म ज्यांच्या मदतीने व्हायची त्यांनी पाय मागे घेतला. त्यानंतर तिने कधीही खऱ्या बाईचा आवाज वापरला नाही. आता तिच्या फिल्ममधून नाटकातल्या बायका बोलतात. स्पष्ट बोलतात, छान बोलतात. लोक नावाजतात. मी बघतो तेव्हा मला त्यात एकही हसू नाकातून आलेलं ऐकू येत नाही.

आणि याहून वाईट सांगू? तिने त्या चुकीवर पुस्तकातलं एक प्रकरण लिहिलं. दर वर्षी नव्या मुलींच्या वर्गात ती उभी राहते आणि सांगते — अभ्यासकाची एक चूक बाईचं घर कसं बंद करते ते ऐका, ही चूक माझी आहे. एकदा कोल्हापुरातल्या मुलींच्या कॉलेजात तिचं भाषण होतं. तिथंही तिने हे सांगितलं. भर सभेत, मान ताठ ठेवून, माझी चूक स्वतःची म्हणून. मुलींच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी? व्यासपीठावर. बहिणीला शिकवणारा भाऊ म्हणून मला बोलावलं होतं. मी पुष्पगुच्छ घेतला. दोन शब्दही बोललो.

मला माझा राग येतो असं लिहिलं तर ते कमी पडेल, आणि खोटंही. खरं असं की मला बारा वर्षं सगळ्यांचा राग येत होता. मामाचा, सुकुमारचा, मागच्या रांगेतल्या त्या बाईचा. चौकशीतल्या लोकांचा, ज्यांनी एकदाही विचारलं नाही की त्या मुलाला कुणी सांगितलं. रागाला एवढी गिऱ्हाइकं सापडली की माझ्यापर्यंत तो पोचलाच नाही.

आमच्यात पर्युषण संपलं की क्षमावाणी असते. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात, 'उत्तम क्षमा' म्हणतात — वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. या बारा वर्षांत मी पद्मजाला त्या दिवशी न चुकता फोन केला. कळत-नकळत, म्हणालो. दर वेळी ती हसून म्हणाली, "दादा, तुझं काय चुकणार?" मी फोन ठेवून जेवायला बसलो. आपल्या माणसांनी केवढी चांगली सोय करून ठेवली आहे बघा — न सांगता माफी! मी ती अशी वापरली, जसा एखादा चोर देवळाच्या मागच्या दाराने ये-जा करतो.

मामीला मात्र फसवता आलं नाही. मामा गेल्यावर एकदा मी तिकडे गेलो होतो. दिवस अजून होता, तिने ताट वाढलं. वाकड्या मनगटानेच भाकरी मोडून दुधात घातली, मी आठवीत असताना घालायची तशी. आणि हळू म्हणाली, "तूच न्हवं?"

मी मान खाली घातली.

"सुकू म्हणतोय मी वळखलं. सुकू? दारात उभं राहून हाक मारली तर इचारतोय, कोण हाय म्हणून." ती थांबली. "माझा आवाज माहीत असलेला एकच हाय. तीन वर्सं चुलीम्होरं बसून ऐकत व्हतास." मग म्हणाली, "पद्मीला सांगितलंस?"

"नाही."

"सांग."

ती हसली नाही, आणि 'आता ह्यात काय हाय' असंही म्हणाली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. वाढायची. पाणी द्यायची. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायची. पण ज्या पोराने तिचं बोलणं ऐकलं होतं त्याच्यापुढे तिने ते बंद केलं. पद्मजाला तिने माझं नाव सांगितलं नाही. ते काम तिने मला दिलं होतं. त्यानंतर ती सात वर्षं जगली. मी ते केलं नाही.

मामी गेल्या थंडीत गेली. पद्मजा पुण्याहून आली, प्रेताजवळ बसली आणि मामीचं वाकडं मनगट हातात घेऊन म्हणाली, "मामी, माझ्यामुळं." मी तिथं दोन हात अंतरावर उभा होतो. सगळे रडत होते. मीही रडलो, आणि गप्प राहिलो. हेही आजच्या नोंदीत यायला हवं.

हे लिहून झाल्यावर आधी पद्मजाला पाठवणार आहे. माणसांची नावं मी बदलली आहेत, आणखीही काही बदललंय. काय ते सांगणार नाही. हे मी तिच्याकडूनच शिकलो. तिने छापू नको म्हटलं तर छापणार नाही. तुम्ही हे वाचत असाल, तर तिने नको म्हटलं नाही एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढचा अर्थ मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. यंदा क्षमावाणीला मी तिला फोन करणार नाही. तो शब्द मी वापरून संपवला.

राहिला हिशेब. मामीने तिचं बोलणं दिलं. पद्मजाने पाच बायकांचे आवाज दिले, एक अख्खी फिल्म दिली, आणि वर्गावर्गातून स्वतःचं नाव माझ्या चुकीखाली लिहून दिलं. मी काय दिलं? आठवून बघितलं. रंकाळ्यावर त्या दिवशी मी सुकुमारपेक्षा तेरा वर्षांनी मोठा, पैसे मी द्यायला हवे होते. सुकुमार अर्धी भेळ टाकून उठला, खिशातून साठ रुपये काढून भेळवाल्याला दिले आणि गाडीकडे चालू लागला. मी माझी भेळ संपवली.